आमचा गतिरोधक परत करा

साहेब, आमच्या गल्लीतला गतिरोधक तुम्ही चोरलात.

शब्द मुद्दाम वापरतोय. 'हटवला', 'काढून टाकला', 'निष्कासित केला' असले पॉलिश मारलेले शब्द तुमच्या कार्यालयात पोत्याने पडलेत, ते तुम्हालाच लखलाभ. एखादी वस्तू सकाळी होती, संध्याकाळी नाही, आणि ज्यांची होती त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही, याला आमच्या घरी चोरी म्हणतात. ती रस्ते विभागाच्या पाटीखाली बसून केली म्हणून तिचं समाजकार्य होत नाही.

तुम्ही म्हणाल, हा तोच माणूस की ज्याने 'गतिरोधक काढा' म्हणून अर्जांचा रतीब घातला होता. हो, तोच. मी कुठे नाही म्हणतोय? पण ते पुढे येईल. आधी मला हे सांगा, की तो तुम्ही बांधलात कशाला?

आमची गल्ली पुढे जाऊन भिंतीला संपते. भिंतीपलीकडे कोणाचं तरी गोदाम आहे. म्हणजे आमच्या गल्लीत वेगाने येणारा माणूस एकाच ठिकाणी पोचू शकतो, भिंतीत. आजवर कोणी पोचलेलं नाही. भाजीवाला हातगाडी ढकलत येतो, पोस्टमन सायकल हातात धरून येतो आणि आमचे सेक्रेटरी पेट्रोल वाचवायला कोपऱ्यापासून स्कूटर बंद करून घरंगळत येतात. यांच्यातल्या नेमक्या कोणाच्या वेगाने तुमची झोप उडाली होती?

पण एके दिवशी मी कामावरून घरी आलो, तर आमचं फाटक आणि समोरच्या बिल्डिंगचं जरा पुढे असलेलं फाटक यांच्या बरोब्बर मध्ये डांबराचा उंचवटा. उंचवटा कसला, झोपलेली म्हैस. त्या म्हशीच्या अलीकडे माझे सासरे राहतात आणि पलीकडे मास्तर.

सासरे म्हणजे बाबा, बसचे ड्रायव्हर होते. मास्तर त्यांचे कंडक्टर. अख्खी नोकरी दोघांनी एकाच गाडीवर काढली आणि निवृत्त झाल्यावर पायही पाठोपाठच गेले. बाबांचे गुडघे गेले म्हणून ते आमच्याकडे, पहिल्या मजल्यावर. मास्तरांचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून ते समोर तळमजल्यावर, मुला-सुनेकडे. मध्ये एक गल्ली. दोघांना एकमेकांचं खोकणं ऐकू यायचं, पण भेट नाही.

मग माझ्या मेव्हण्याने एक रिमोटवरची गाडी पाठवली. मागे उघडा हौदा असलेली, बुटाच्या खोक्यापेक्षा जरा मोठी. आमच्या ज्या मुलासाठी पाठवली होती त्याला तोवर मिशी फुटली होती. गाडी बाबांच्या हातात आली आणि त्याच आठवड्यात बससेवा सुरू झाली.

सेवा अशी. सकाळी पेपर आला की बाबा बाल्कनीत बसून शब्दकोड्यातले आडवे शब्द भरायचे. मग मी पेपर हौद्यात ठेवून गाडी खाली फाटकात नेऊन उभी करायची. समोरून मास्तर वॉकर घेऊन त्यांच्या फाटकापर्यंत यायचे आणि गळ्यातली शिट्टी वाजवायचे. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दोन वाजल्याशिवाय बाबा गाडी इंचभर हलवायचे नाहीत. गाडी पोचली की मास्तर उभे शब्द भरायचे, आणि पेपर परत.

"दोन पेपर घेऊ या ना बाबा," माझी बायको एकदा म्हणाली. "दोघं आपापलं कोडं सोडवा."

"मग त्यांनी तिकिटं कोणाच्या गाडीत फाडायची?" बाबा म्हणाले.

या सेवेत माझं स्थान काय, असं तुम्ही विचाराल. मी चालक नाही, वाहक नाही. मी डेपो. पण मला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण डॉक्टरांनी मास्तरांना चालायला सांगितलं होतं आणि मास्तर फक्त या गाडीसाठी चालत होते. सुनेने विनवून झालं, मुलाने ओरडून झालं, माणूस पलंग सोडत नव्हता. शिट्टी गळ्यात पडली आणि फाटकापर्यंत यायला लागला.

आणि तिथे तुम्ही म्हैस आणून झोपवलीत.

पहिल्या दिवशी गाडी चढावर गेली, पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि पोट डांबरावर. चारही चाकं हवेत गरागरा. उलट्या झुरळाचे पाय चालतात तशी. मास्तरांनी एक शिट्टी वाजवली. वास्तविक गाडी थांबलेलीच होती.

"कडेने न्या ना बाबा," मी खालून ओरडलो. "इथे फट आहे, गटाराच्या बाजूला."

"जावईबापू, ठरलेला रूट आहे. गटारातनं बस नेणारा ड्रायव्हर मी नव्हे."

"मग मी उचलून पलीकडे ठेवतो."

"त्याला ब्रेकडाऊन म्हणतात." बाबांनी रिमोट खाली ठेवला. "सर्व्हिस बंद."

ड्रायव्हरने सर्व्हिस बंद केली तर कंडक्टर कशाला ड्युटीवर येईल? दुसऱ्या दिवशी मास्तर फाटकात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मग त्यांची सून आमच्याकडे आली. ही मुलगी एरवी हसल्याशिवाय बोलत नाही. त्या दिवशी पदराशी चाळा करत उभी राहिली.

"भाऊ, भिंतीकडे तोंड करून पडलेत. डॉक्टर म्हणाले, आता पलंग धरला की पाय कायमचा आखडेल. त्या गाडीचं काहीतरी करा ना."

मी म्हणालो, "करतो."

एवढंच म्हणालो. माणसाने 'बघतो' म्हणावं. 'बघतो'मध्ये केवढी सोय आहे, हे तुमच्या खात्याइतकं कोणाला कळलंय?

मी दोन्हीकडून चढाई केली. एकीकडे तुमच्याकडे अर्ज, की हा डोंगर हटवा; आणि दुसरीकडे गाडी. गाडीचं मला काही अवघड वाटत नव्हतं. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू दिवसभर फिरवतो. असल्या माणसाला खेळण्यातली गाडी म्हणजे ट्रकच की! पोट टेकतंय, तर गाडी उंच करायची. झालं.

झालं, असं मला वाटलं.

आधी मोठी चाकं आणली. ती लावल्यावर गाडी रुबाबदार दिसायला लागली, पण वळेना. चाक वळलं की बॉडीला घासायचं. मी बॉडी कापली. कशाने कापली यावरून घरात जे झालं ते मी लिहिणार नाही. बायको एवढंच म्हणाली, की त्या कात्रीने आता केस कापून घ्यायला या माझ्याकडे.

बॉडी कापून गाडी गतिरोधकावर नेली. पोट अजून टेकत होतंच. फक्त आता ते जास्त रुबाबात टेकत होतं.

याच वेळी तिसऱ्या मजल्यावरचे पान्हा खाली आले. पान्हा हे आम्ही ठेवलेलं नाव. ते निवृत्त इंजिनिअर आहेत आणि जिन्यात कुठलाही आवाज झाला की दहा पायऱ्या वरून "मी काय म्हणतो" अशी हाक येते. त्यांची स्वतःची मोटार कव्हर घालून गतिरोधकाला लागूनच, आमच्या बाजूच्या कडेला उभी असते. ती चालताना कोणी पाहिलेली नाही.

"मी काय म्हणतो," पान्हा म्हणाले, "चाकाने काय होणार? तुम्हाला सस्पेन्शन बदलायला हवं. लांब शॉकअप घाला."

"मिळतात?"

"मिळत असणारच."

मिळतात. लांबच्या एका दुकानातून मागवावे लागतात आणि ते तुमच्याच चुलतभावांच्या ताब्यात, म्हणजे पार्सल कार्यालयात, येऊन अडकतात. खिडकीतल्या कारकुनाने खोकं हलवून बघितलं.

"आत काय?"

"शॉकअप. गाडीचे."

"वाहनाचे सुटे भाग," त्याने लिहिलं. "गाडीचा नंबर?"

"नंबर नाही. खेळण्यातली आहे."

"मग शॉकअप कशाला?"

"रस्त्यावर गतिरोधक आहे."

"म्हणजे रस्त्यावर चालते? बिननंबरी?"

मी खोक्याकडे हात पुढे केला.

"चालवतं कोण?"

"सासरे."

"लायसन?"

"होतं. मुदत संपली."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "अहो, हे सगळं तुम्ही आपणहून सांगताय?"

दुसऱ्या दिवशी मी गाडीच घेऊन गेलो. पुरावा म्हणून. कारकुनाने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "चालवून दाखवा." मी दाखवली. मग त्याने स्वतः चालवली. मग शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी. मग आतून त्यांचे साहेब काय गडबड आहे ते बघायला आले आणि बाहेर रांग ताटकळत असताना त्यांनी ती टेबलाखालून, खुर्च्यांमधून, फायलींच्या गठ्ठ्याला वळसा घालून अशी काही नेली, की टाळ्या पडल्या. पुढच्या फेरीत गाडी लोखंडी कपाटावर आदळली. पुढचं चाक धरून ठेवणारा हात मोडला. साहेबांनी माझं पार्सल सहानुभूतीपूर्वक सोडलं. म्हणजे शॉकअप मिळाले तेव्हा ते ज्याला लावायचे, तो हातच गाडीला उरला नव्हता.

मी खचलो नाही. चष्म्याच्या दुकानातून एका जुन्या फ्रेमची काडी आणली, वाकवली, भोकं पाडली आणि तिचा हात केला. कानावर बसायला जन्मलेली ती काडी चाक धरून बसली. आता यात एक स्क्रू इकडचा तिकडे झाला. गाडीला चष्म्याचा लागला आणि चष्म्याला गाडीचा. गिऱ्हाईक काउंटरवर सही करायला वाकलं आणि त्याच्या चष्म्याची काच टपकन त्याच्याच सहीवर पडली. मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "चष्म्याचं सर्व्हिसिंग कितव्या किलोमीटरला करायचं असतं हो?" सगळं दुकान हसलं. गिऱ्हाईकही हसलं. मला असल्या माणसांचं आश्चर्य वाटतं, ज्यांना स्वतःची काच पडल्यावर हसू येतं.

असो. लांब शॉकअप लागले. गाडीचं पोट भरपूर उंच गेलं. पण मोटरपासून चाकाकडे जाणारा दांडा आहे तेवढाच राहिला आणि दर चार हातांवर खोबणीतून निसटून रस्त्यावर पडायला लागला. लांब दांडे मागवले. पुन्हा पार्सल कार्यालय. या वेळी मी गाडी घरी ठेवून गेलो, तर ते सगळे नाराज.

मग तेल. शॉकअपमध्ये तेल भरावं लागतं, नाहीतर गाडी नुसती उड्या मारते. मी शिलाई मशीनचं तेल भरलं. ते इतकं पातळ, की गाडी एका खड्यावरून गेली तरी पुढची दोन मिनिटं होकार देत राहायची. हौद्यातला पेपर बाहेर. बाबांनी रिमोट खाली ठेवला.

"जावईबापू, असल्या गाडीत प्रवाशाला उलटी होईल."

"मी काय म्हणतो," जिन्यातून आवाज आला, "घट्ट तेल हवं. मध भरा."

मी भरला. माणूस कुठल्या थराला जातो बघा. आणि गाडी अशी शांत झाली, अशी गंभीर झाली, की मी पान्ह्यांच्या पाया पडणार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या चारही पायांवर मुंग्या. आत, बाहेर, स्प्रिंगच्या वेढ्यांतून गोल गोल जिना चढत. बाबा शांतपणे म्हणाले, "स्टँडिंगला जागा नाही." मी चारही शॉकअप खोलून, धुऊन, वाळवून, रीतसर तेल मागवून भरलं. पार्सलवाल्यांनी आता माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती.

या सगळ्यात तुमचं काय चाललं होतं? माझ्या पहिल्या अर्जावर तुमच्या माणसाने विचारलं, उंचीचा पुरावा कुठाय? मी पट्टी लावून मापून आणलं. तो म्हणाला, ही पट्टी अधिकृत नाही. मी विचारलं, अधिकृत पट्टी कुठे मिळते? तो म्हणाला, ती आमच्याकडे असते. मग तुम्हीच मापा ना! तर म्हणे, मापायला यायचं तर आधी उंचीचा पुरावा लागतो. मी तिथे काय बोललो ते तुमच्या शिपायाने तुम्हाला सांगितलंच असेल. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

सून मधूनमधून बाल्कनीखाली उभी राहायची. "झालं का भाऊ?" असं ती विचारायची नाही. नुसती गाडीकडे बघायची. तेवढ्याने माझ्या हातातून स्क्रू सांडायचे. मास्तर आता जेवायलाही उठत नव्हते.

एक अडचण उरली होती. गाडी उंच झाली तशी चढावर मागे कलंडायची. पुढची चाकं आभाळात, मालक-मालक करत दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या कुत्र्यासारखी. यावर इलाज एकच, चासी लांब करायची. त्यासाठी हवा होता ताठ, पातळ, हलका पत्रा. मी घरभर शोधला. शेवटी दार उघडून बाहेर आलो आणि तो माझ्या डोळ्यांसमोर होता. आमच्या नावाची पाटी. अॅल्युमिनियमची, बायकोने हौसेने करून घेतलेली.

"अहो, दारावरचं आपलं नाव काढून गाडीला लावलंत?" बायको म्हणाली.

"खालच्या बाजूने लावलंय. दिसत नाही."

"म्हणजे आपलं आडनाव आता रस्त्यावर घासत जाणार."

"ते घासू नये म्हणून तर एवढा खटाटोप!"

ती हसली. मग म्हणाली, "अक्षरं वरच्या बाजूला तरी करायची." आणि स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसली. बापाची बस होती शेवटी.

चाचणीचा दिवस उजाडला. गाडी चढायला लागली, कलंडली नाही. आता कसोटी माथ्यावरची. तिथे गाडी क्षणभर थांबवायची आणि मग अलगद पलीकडे सोडायची. पण पलीकडचा उतार बाबांना बाल्कनीतून दिसत नव्हता. पान्ह्यांची कव्हर घातलेली मोटार मध्ये.

"अंधारात गाडी सोडणार नाही मी," बाबा वरून म्हणाले. "घाटात अवघड जागी कंडक्टर खाली उतरतो. बेल द्या कोणीतरी."

कोणीतरी म्हणजे डेपो. मी मुलाची जुनी शिट्टी तोंडात घेऊन गतिरोधकापाशी उभा राहिलो. पेपर हौद्यात, शब्दकोडं वर, आडवे शब्द भरलेले. मी दोन शिट्ट्या वाजवल्या. गाडी निघाली, चढली, माथ्यावर आली. चष्म्याच्या काडीने चाक धरून ठेवलं होतं, आमचं आडनाव डांबराच्या वरून, न टेकता, सरकत होतं. मला इतका आनंद झाला, की एक शिट्टी वाजवायची ती मी दोन वाजवल्या.

चला, म्हणजे चला. बाबांनी पूर्ण वेग दिला. गाडीने माथ्यावरून उडी मारली, नाकावर आपटली, कोलांटी खाल्ली आणि सरळ गटारात.

मी धावलो, काढली, पुसली. परत उभी केली. परत दोन शिट्ट्या, परत माथा. या वेळी मी सावध होतो, इतका सावध की एक शिट्टी फार लांबली, मध्येच श्वास तुटला आणि बाबांनी ती दोन धरली. परत गटार.

तेवढ्यात समोरच्या तळमजल्यावरून आवाज आला. बरेच दिवस कोणी न ऐकलेला, चिरका, खणखणीत.

"अरे कोण गाढव बेल देतंय?"

मी शिट्टी तोंडातून काढली.

"मी, मास्तर. जावई."

"जावई असाल घरात! एक म्हणजे थांबा, एवढं कळत नाही? गाडी मारणार का माझी?"

वॉकरचा ठकठक आवाज आला. मास्तर फाटकात. बनियनवर, दाढी वाढलेली, पांढरेफटक. मागे सून पळत आली, हातात त्यांचा शर्ट. तिने धरायला हात पुढे केला, पण त्यांनी तो झटकला. ते फाटकात थांबले नाहीत. आजवर फाटकाच्या पुढे कधी आले नव्हते. ठक, पाऊल, ठक, पाऊल, असे शिव्या घालत गतिरोधकापर्यंत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि हात पुढे केला.

"शिट्टी द्या."

"तुमच्या गळ्यात आहे मास्तर."

त्यांनी खाली बघितलं. होती. पलंगावरही काढलेली नव्हती.

मग वर बाल्कनीकडे बघून ते ओरडले, "ड्रायव्हर! अजून रस्ता डोळ्यांऐवजी बुडानेच बघता का?"

"तुम्ही तिकिटं मोजा मास्तर!" बाबा वरून ओरडले. "सुट्टी कोणी मंजूर केली होती तुमची?"

दोन शिट्ट्या. गाडी चढली. माथा. एक शिट्टी, आखूड, चाकूसारखी. गाडी जागच्या जागी. मास्तरांनी वाकून चाकं बघितली. मग दोन, हळू. गाडी शॉकअपवर जराशी बसली, पलीकडे कलली आणि पेपरचं पानही न हलवता उतरली. सून शर्ट हातात घेऊन रडत होती. पान्हा जिन्यातून म्हणाले, "मी काय म्हणत होतो?" मला कोणी काही म्हणालं नाही. ज्याने खाल्लेल्या शिव्यांवर एक माणूस पलंगावरून उठला, त्याच्या पाठीवर थाप मारायला त्या गल्लीत एकाचाही हात मोकळा नव्हता. पण मी तक्रार करत नाही.

त्यानंतर रोज मास्तर गतिरोधकापर्यंत यायचे. जाताना सोबत, येताना सोबत. कठीण जागा आहे, कंडक्टर हवाच. आठवडाभरात वॉकर गेला आणि काठी आली. डॉक्टरांनी सुनेला विचारलं, कोणता व्यायाम देताय? तिने सांगितलं, गतिरोधक.

आता माझ्या अर्जाकडे येतो, पुढे येईल म्हणालो होतो. मी स्वतः तुमच्या कार्यालयात येऊन सांगितलं, की माझी तक्रार मागे घ्यायची आहे, तो गतिरोधक आम्हाला हवा आहे. तुमच्या माणसाने चष्म्यावरून बघितलं (फ्रेम सैल होती, मी सवयीने दाबून दिली) आणि म्हणाला, "तक्रार प्रलंबित आहे. निकाली निघाल्याशिवाय मागे घेता येत नाही."

"आणि निकाली निघाल्यावर?"

"मग मागे घ्यायचं कारणच काय?"

मी बेफिकीर राहिलो. तुम्ही काही करणार नाही याची मला खात्री होती. साहेब, तुमच्यावर एवढा विश्वास मी आयुष्यात कोणावर टाकला नव्हता! आणि तुम्ही आयुष्यात एकदा काम केलंत, तेही तेव्हाच.

तुमचा माणूस चौकशीला आला होता म्हणे. जिना चढला, दारावर पाटी शोधली. पाटी गाडीच्या पोटाखाली. 'अर्जदार आढळून आला नाही' असा शेरा मारला आणि खाली उतरला. घंटी वाजवायची! पान्ह्यांना विचारायचं, न विचारता सांगतात ते! ज्या गाडीवर माझं नाव होतं ती गाडी त्याच वेळी त्याच्या बुटांजवळून गेली असेल, पण तुमची माणसं वाकून काही वाचत नाहीत. मी दुकानात असताना तुमचं यंत्र आलं आणि झोपलेली म्हैस खरवडून घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर काठी टेकत फाटकात आले. गुळगुळीत रस्ता त्यांनी काठीच्या टोकाने चाचपून बघितला.

"सपाट झाला की," ते म्हणाले. "मग आता माझं काय काम?" आणि आत गेले.

गाडी आता सुनेने फाटकात जाऊन उचलावी, असं ठरवायचा प्रयत्न झाला. ते बाबांना पटलं नाही. मी गतिरोधक घरीच करायचं ठरवलं. अर्धं पोतं सिमेंट ओतून होतंय तोवर सेक्रेटरी स्कूटर न घरंगळवता, चालू ठेवून आले आणि 'विनापरवाना अडथळा' म्हणून तुमच्याच खात्याला कळवलं. त्या वेळी तुमचा माणूस तासात आला. तेव्हा त्याला मी बरोबर आढळून आलो.

आज सकाळी गाडी फाटकात उभी आहे. लांब शॉकअपवर, ताठ, कुठलाही डोंगर चढायच्या तयारीत. हौद्यात पेपर, कोड्यातले आडवे शब्द भरलेले, उभे रिकामे. बाबा बाल्कनीत रिमोट मांडीवर घेऊन बसलेत. मी शिट्टी वाजवून बघितली. "तुमची बेल चालत नाही, जावईबापू," ते म्हणाले. समोर तळमजल्याच्या खिडकीत मास्तर खुर्चीवर दिसतात. काठी भिंतीला टेकवलेली आहे. खिडकीतून रस्ता दिसतो, पण त्यांनी तोंड भिंतीकडे केलंय.

तेव्हा साहेब, 'विचाराधीन आहे' नको, 'योग्य ती कार्यवाही' नको. तो गतिरोधक होता तिथे, होता तेवढा, चढाला उभा, माथ्याला अवघड, पुन्हा बांधून देणार आहात की नाही, तेवढं सांगा. तुमची भाषा आम्हाला कळत नाही, म्हणून आमच्या भाषेत उत्तर द्या.

एक की दोन?